गोविंद, गणेश आणि कर्नल साइक्स

विषय जाहीर झालाय ‘एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचं पक्षिविज्ञान’. त्याकडे येतोच. आधी घारीबद्दल बोलू द्या, कारण तिच्याशी माझं जुनं वैर आहे.

सात-आठ वर्षांचा असेन. मामी गच्चीवर बोंबील निवडत होती आणि मी हातात एक तळलेला बोंबील घेऊन तिच्याशेजारी मिरवत होतो. पाठीमागून वारा आल्यासारखं झालं, मनगटावर ओरखडा उमटला आणि बोंबील गेला. मामी मान वर न करता म्हणाली, “गेला तुझा वाटा, आता वरण खा.” मला ओरखड्यापेक्षा ते वरण जास्त झोंबलं.

पुढे पक्ष्यांचा नाद लागला आणि एक दिवस घारीचं शास्त्रीय नाव वाचलं. आपल्याकडच्या घारीचं नाव ‘मिल्व्हस मायग्रान्स गोविंदा’. गोविंदा! दुसऱ्याच्या घरचं पळवणारा. मी त्याच क्षणी तिला माफ केलं.

हे नाव ठेवणारा माणूस विल्यम हेन्री साइक्स. कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी, 1817 साली खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या विरुद्ध उभा होता. 1824 मध्ये एल्फिन्स्टनसाहेबांनी त्याला दख्खनची मोजदाद करायला बसवलं: माणसं, पिकं, महसूल. सरकारी काम ते. पण मोजायची सवय एकदा जडली की माणूस पक्ष्यांपाशी तरी कसा थांबेल? 1832 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापून आली. ढोकरी, म्हणजे तळ्याकाठी ध्यान लावणारा तो वंचक, शास्त्राला प्रथम तिथेच भेटला.

नावं बघा. काळ्या बुलबुलाला ‘गणेसा’. एका तुरेवाल्या चंडोलाला ‘देवा’. एका फुटकळ वटवट्याला ‘रामा’. पेशवाई बुडवायला हातभार लावणाऱ्या गृहस्थाने आमचं निम्मं देवघर झाडावर बसवलं! आणि एका रातव्याला ‘महरात्तेन्सिस’, म्हणजे मराठी मुलखातला. हा मराठी पक्षी घरटं करतो वायव्येकडे, सिंधकडच्या कोरड्या मुलखात, आणि इकडे येतो फक्त हिवाळ्यात. कागदोपत्री मात्र पक्का मराठी. अशी माणसंही आपण पाहिली आहेत, नावं नकोत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, मुख्य विषय.

पहिली गोष्ट साबणाची. फ्रान्समधल्या मेत्झ गावच्या बेकर (Bécœur) नावाच्या औषधविक्यानं आर्सेनिकचा साबण शोधला होता. कृती त्यानं गुप्त ठेवली. ती छापून आली 1800 च्या सुमारास, त्याच्या मृत्यूनंतर. त्याआधी पक्ष्याची कातडी किडे खाऊन टाकत. आता ती सहा महिन्यांच्या बोटीच्या प्रवासात टिकू लागली आणि युरोपातल्या संग्रहालयांचे खण भरले.

खण भरले की लावायचे कसे, हा प्रश्न. व्हिगर्स आणि स्वेन्सन या पक्षिशास्त्रज्ञांचं म्हणणं, सृष्टी पाच-पाचांच्या वर्तुळांत बसते. बसली नाही तर? बसवायची! याच व्हिगर्सचं नाव साइक्सनं सह्याद्रीतल्या एका सूर्यपक्ष्याला दिलं आहे. वर्तुळं गेली, पक्षी आहे.

वर्तुळांवर तुटून पडलेल्यांत स्ट्रिकलंड नावाचा इंग्रज निसर्गअभ्यासक होता. 1842 मध्ये त्याच्या पुढाकाराने प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचे नियम ठरले: आधी छापलेलं नाव ते खरं. (पुढे हा बिचारा रुळांलगतचे खडक बघता बघता आगगाडीखाली गेला.) त्या नियमामुळेच साइक्सचे गणेश आणि गोविंद कोणाला हलवता आले नाहीत. यावर अर्धा तास बोलायचं ठरवून आलो होतो.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. फक्त एक राहिलं: तपकिरी वनघुबडाला त्यानं ‘इंद्राणी’ म्हटलंय. इंद्राणीच्या दारी ऐरावत झुलतो. तिथे घुबड कसं शिरलं, याचा कोणाकडे तर्क असेल तर चहाच्या वेळी मला गाठा.