सांबरासाठी पहिली रायफल : जांबोटीचे रान आणि व्हिक्टोरियाचे डोंगर

(दृश्य : खानापूर-जांबोटी रस्ता. पावसाळा नुकताच सरला आहे. ओढ्याकाठच्या चिखलात सांबराच्या खुरांचे ठसे.)

बेळगाव जिल्ह्यातले खानापूर मागे टाकून जांबोटीच्या रस्त्याला लागले की रान दाट होत जाते आणि कणकुंबीपर्यंत ते दोन्ही बाजूंनी सोबत करते. सांबर, चितळ, भेकर आणि इवलीशी पिसोरी (मूषक हरीण) यांचे हे घर आहे. याच तालुक्यातले भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार या जनावरांची शिकार हा गुन्हा आहे, आणि ती अभयारण्याच्या हद्दीत झाल्यास तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. हा कायदा योग्य आहे असे आम्ही मनापासून मानतो. म्हणून पुढे जे सांगणार आहोत त्यातले काहीही इथल्या रानासाठी नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो.

हेच सांबर एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात नेऊन सोडले. तिथे वाघ नाही, बिबट्या नाही, त्यामुळे सांबरांची संख्या वाढत गेली आणि ती स्थानिक झाडोऱ्याला जड होऊ लागली. चितळाची कथाही अशीच आहे. ते १८८६ साली ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलँडमध्ये पोहोचले आणि १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये. या ठिकाणी परवाना घेऊन त्यांची शिकार करणे कायदेशीर आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जी मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी तिकडे स्थायिक झाली, त्यांपैकी कोणी तिथल्या मित्रांबरोबर रानात जाऊ लागतो, परवान्यासाठी अर्ज करतो, आणि मग एका रविवारी घरी फोन करून पलटणीतून निवृत्त झालेल्या काकांना विचारतो की, पहिली रायफल कोणत्या कॅलिबरची, म्हणजे इंचांत किंवा मिलिमीटरमध्ये किती जाडीच्या गोळीची घेऊ?

(दृश्य : बेळगाव कॅम्प. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राबाहेरचा रस्ता.)

काकांना विचारणे स्वाभाविक आहे, कारण मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे आणि रायफल हाताळलेला माणूस इथे बहुतेक प्रत्येक भावकीत सापडतो. जुन्या पिढीने .३०३ चालवली, तिच्यानंतरच्या पिढीने ७.६२ मिलिमीटरची एसएलआर (बार झाला की पुढचे काडतूस आपोआप भरणारी रायफल), आणि त्यानंतर ५.५६ मिलिमीटरची इन्सास आली. या अनुभवाला मोल आहे, पण शिकारीच्या रायफलीसाठी तो जसाच्या तसा वापरता येत नाही. .३०८ विंचेस्टर हे काडतूस १९५२ साली बाजारात आले आणि एसएलआरच्या काडतुसाचे ते सख्खे भावंड आहे. म्हणून काका म्हणतात की, .३०८ घे, मला ठाऊक आहे, धक्का काही विशेष नसतो. परंतु एसएलआर चार किलोंहून जड असते आणि तिच्या वायूवर चालणाऱ्या यंत्रणेमुळे धक्का थोडा लांबून, सौम्य होऊन खांद्याला पोहोचतो. शिकारीची साधी बोल्टची, म्हणजे दर बारानंतर हाताने खटका ओढून भरायची रायफल बहुधा तीन-साडेतीन किलोंची असते, आणि तेच काडतूस तिच्यातून उडवले की सगळा धक्का एकदम बसतो. त्यामुळे या बाबतीत काकांच्या खांद्याची आठवण पुरी पडत नाही.

दुसरी गोष्ट गोळीची. सैन्याच्या गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचे पूर्ण आवरण असते. ती न पसरता आरपार जाते, जनावर जखमी होऊन मैलभर पळते आणि झाडीत तडफडून मरते. हरणासाठी गोळी मऊ टोकाची, आत शिरल्यावर पसरणारी हवी, आणि अमेरिकेतील अनेक राज्यांत पूर्ण आवरणाच्या गोळीने हरीण मारण्यास कायद्यानेच मनाई आहे. काडतुसांचे खोके विकत घेताना कॅलिबर जुळले एवढ्यावर समाधान मानणाऱ्या नवख्याला हे कोणीतरी खडसावून सांगितले पाहिजे.

(दृश्य : टेबलावर एका ओळीत उभी केलेली काडतुसे. कॅमेरा सावकाश सरकतो.)

कॅलिबरचा आकडा गोळीची जाडी सांगतो, तिची ताकद सांगत नाही. .३०-३०, .३०८, .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या चारही काडतुसांतली गोळी जवळपास एकाच व्यासाची, म्हणजे ७.८ मिलिमीटरची असते. फरक आहे तो मागच्या पितळी नळकांड्याचा आणि त्यात मावणाऱ्या दारूचा. १८९५ चे .३०-३० दाट झाडीतल्या जवळच्या अंतरासाठी आहे, तर .३०० मॅग्नम इतके जोरकस आहे की चितळासाठी त्याची काहीच गरज नाही आणि नवख्याच्या खांद्याला ते सोसत नाही. गोळीचे वजन आजही ग्रेनमध्ये मोजतात आणि १५.४ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. .२४३ विंचेस्टरची १०० ग्रेनची गोळी साडेसहा ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने निघते. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी पावणेदहा ग्रॅमची असते, तिचा वेग सुमारे ८५० मीटर आणि धक्का .२४३ पेक्षा बराच अधिक.

मग निवड कशी करायची? आधी जनावर पाहावे. चितळाचा नर साधारण ७० ते ९० किलोंचा असतो, तर सांबराचा नर २०० किलोंच्या वर सहज जातो आणि त्याच्या खांद्याचे हाड जाड असते. व्हिक्टोरियाच्या २०१२ च्या शिकार नियमांनी हाच भेद आकड्यांत बांधला होता. चितळासाठी किमान .२४३ कॅलिबर व ८० ग्रेनची गोळी, सांबरासाठी किमान .२७० कॅलिबर व १३० ग्रेनची गोळी. सध्या सगळीकडे नावाजले जाणारे ६.५ क्रीडमूर हे २००७ चे काडतूस अचूक आहे आणि खांद्याला मवाळ आहे, पण ६.५ मिलिमीटर म्हणजे .२६४ इंच, त्यामुळे त्या नियमांच्या हिशेबात ते सांबराला चालत नव्हते. म्हणून रायफलीचे पैसे मोजण्याआधी आपल्या राज्याचा चालू नियम स्वतः वाचावा, कारण दुकानदाराची शिफारस किंवा मित्राचा अनुभव त्याची जागा घेऊ शकत नाही.

कायद्याची खालची मर्यादा एकदा कळली की वरची मर्यादा ज्याने त्याने स्वतःच्या खांद्याकडून काढून घ्यायची आहे, आणि आमच्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म इथेच आहे. धक्क्याची धास्ती बसलेला माणूस चाप ओढण्याच्या क्षणी नकळत डोळे मिटतो, खांदा पुढे रेटतो आणि नळी खाली दाबतो. त्याला स्वतःला हे कळतही नाही, कारण बार होताच रायफल उसळते आणि आधीची चूक झाकली जाते. ती पकडण्याची पद्धत जुनी आहे. चांदमारीच्या मैदानावर जोडीदाराने रायफल भरून द्यावी, कधी खरे काडतूस घालावे, कधी दारू नसलेले ड्रिलचे, आणि कोणते घातले ते सांगू नये. ड्रिलच्या काडतुसावर चाप ओढला जातो, नुसती टकटक ऐकू येते, आणि तरीही नळीचे टोक चार बोटे खाली गेलेले स्पष्ट दिसते. पलटणीतल्या उस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगरूट असेच पारखले आहेत. काकांचा सल्ला इथे लाखमोलाचा ठरतो, आणि पुतण्याने तो कॅलिबरपेक्षा या कामासाठी मागावा असे आम्हाला वाटते.

हृदय आणि फुप्फुसांची जागा, म्हणजे पुढच्या पायाच्या किंचित मागची, चितळात जेमतेम वीतभर असते. .२४३ ची गोळी त्या वीतभरात पडली तर चितळ काही पावलांत कोसळते. .३०० मॅग्नमची गोळी पोटात लागली तर तेच जनावर दिवसभर यातना भोगते. मोठे कॅलिबर चुकलेला नेम भरून काढते हा समज सर्वात घातक आहे, आणि त्याची किंमत मुके जनावर मोजते.

(दृश्य : चांदमारीचे मैदान. कागदी निशाणावर जवळजवळ पडलेली पाच छिद्रे.)

ज्याला फक्त चितळ किंवा तेवढ्याच अंगाचे हरीण मारायचे आहे, जो अंगाने किरकोळ आहे किंवा ज्याने पूर्वी कधी रायफल उडवलेली नाही, त्याने .२४३ निःशंकपणे घ्यावी. ज्याच्या मनात सांबर आहे त्याला आम्ही .३०८ सुचवू. १९२५ चे .२७० विंचेस्टरही उत्तमच आहे आणि त्याची गोळी अधिक सपाट जाते, तर ७ एमएम-०८ रेमिंग्टन खांद्याला .३०८ पेक्षा थोडे सोपे पडते. परंतु .३०८ ची काडतुसे जवळपास कुठल्याही गावच्या दुकानात मिळतात, गोळ्यांचे प्रकार भरपूर आहेत, आणि सरावाचा माल इतरांच्या मानाने स्वस्त पडतो. १०० मीटरवर नेम जुळवलेली .३०८ दोनशे मीटरवर साधारण दहा सेंटिमीटर खाली मारते, आणि दाट झाडीतले सांबर बहुधा त्याहून पुष्कळ जवळ दिसते. रायफल फार हलकी घेऊ नये. डोंगर चढताना अर्धा किलो वाचतो खरा, पण तो चाप ओढताना खांद्याला जाणवतो. मागे रबराची जाड गादी लावून घ्यावी आणि दस्त्याची लांबी आपल्या हाताला जुळते का, ते दुकानातच खांद्याला लावून पाहावे. कानांवर संरक्षण हवेच, कारण नवखा पुष्कळदा धक्क्याला नव्हे, आवाजाला दचकतो.

परतताना ही रायफल बेळगावला आणता येईल का, हा पुढचा प्रश्न फोनवर हमखास येतो. भारतात .३०३ आणि ७.६२ ही सैन्याची मापे निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे नागरिकांना सहसा न मिळणाऱ्या नळीच्या मापांत मोडतात. नागरिकांसाठी ईशापूरच्या कारखान्याची .३१५ बनली ती याच कारणाने. शस्त्र परवाना, आयात आणि सीमाशुल्काचे नियम निराळे, आणि इथे हरीण मारण्यास पूर्ण बंदी, हे सारे लक्षात घेता ती रायफल तिकडेच रीतसर विकून यावे. रायफल घेताना मात्र तिच्यासाठी ठेवलेल्या पैशांतला काही भाग पहिल्या वर्षीच काडतुसांसाठी बाजूला काढावा. रायफलीवर महागडी दुर्बीण घेण्यापेक्षा साधी पण मजबूत दुर्बीण बसवावी, आणि उरलेल्या रकमेत सरावाची काडतुसे घेऊन बसून, गुडघ्यावर आणि झाडाच्या आधाराने नेम धरण्याचा सराव करावा, कारण रानात मैदानासारखे टेबल मिळत नाही.