भीती कापू नका: कारेल झेमनचा 'क्राबात'

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'लोककथेतली आई आणि चित्रपटातली मुलगी'. त्यावर बोलणार आहेच, पण आधी चित्रपट कुठला आणि कुठला मुलूख ते सांगतो, कारण त्याशिवाय आईही कळणार नाही आणि मुलगीही.

चित्रपट चेक. कारेल झेमन या माणसाचा, १९७८चा, मूळ नावाचा अर्थ 'जादूगाराचा शिष्य', पण जगभर लोक त्याला 'क्राबात' म्हणूनच ओळखतात. गोष्ट मात्र चेक नाही, ती लुसाशियातली. जर्मनीच्या पूर्वेला, सॅक्सनी आणि ब्रांडेनबुर्ग या दोन राज्यांत पसरलेला, हॉयर्सव्हेर्डा, बाउत्झेन या गावांकडचा भाग. तिथे सॉर्ब लोक राहतात, जर्मनीतले स्लाव्ह, म्हणजे भाषेने चेक-पोलिश लोकांचे भाऊबंद. साठ हजारांच्या घरातली माणसं, पण स्वतःची भाषा, स्वतःची गाणी, आणि गोष्टी तर अशा की रात्री सांगितल्या तर घरातलं कोणी एकटं उठून पाणी प्यायला जाणार नाही. क्राबातच्या मागे एक खराखुरा माणूसही आहे बरं का. योहान शादोविट्झ नावाचा क्रोएशियन घोडदळ अधिकारी सॅक्सनीच्या शासकाच्या नोकरीत होता, त्याला तिथल्या ग्रोस झेर्शेन गावात जमीन मिळाली, १७०४ साली वारला. गावकऱ्यांनी ठरवून टाकलं की हा परका माणूस जादूगार असणार. लोककथा अशाच जन्मतात, परक्याकडे बोट दाखवून सुरुवात होते आणि दोन-तीन पिढ्यांत तोच गावाचा लाडका होऊन बसतो.

चित्रपटातली गोष्ट थोडक्यात अशी. क्राबात नावाचा अनाथ, भीक मागत फिरणारा पोरगा पाणचक्कीवर कामाला लागतो. मालक एकडोळ्या, सगळे त्याला मास्तर म्हणतात. दिवसा दळण, रात्री काळी विद्या, पोरं कावळे होऊन दांडीवर बसतात आणि मास्तर पोथी वाचतो. खायला पोटभर, झोपायला उबदार जागा, वर जादू शिकायला मिळते. किंमत एकच, दर वर्षी हिवाळ्यात त्यांच्यातला एक जण मरतो. आणि हे सगळ्यांना माहीत असतं! भीती तिथे आहे. भूत अचानक उडी मारून येतं म्हणून नाही, तर सगळ्यांना माहीत असून सकाळी उठून सगळे पुन्हा पीठ भरायला लागतात म्हणून.

झेमनने हे केलंय कटआउटने. कागदाची कापलेली माणसं, कोपराला गुडघ्याला सांधे, कॅमेऱ्याखाली ठेवून एकेक फ्रेम सरकवायची. यात चेहरा फारसा हलत नाही. मास्तरचा तर जवळजवळ नाहीच, आणि म्हणूनच तो इतका अंगावर येतो. जे पिंगुळीला गेलेत त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्या बघा, चपट्या, मागे दिवा. रावणाच्या चेहऱ्यावर एकच भाव कोरलेला असतो, पण गाणारा आवाज चढला की तोच चेहरा चिडलेला दिसतो आणि आवाज उतरला की तोच थकलेला. हे काम आपण प्रेक्षक करतो. परशुराम गंगावणे यांना २०२१ला पद्मश्री मिळाली तेव्हा मला फार आनंद झाला, पण त्यांच्या कलेकडे ॲनिमेशन शिकणाऱ्या पोरांनी अभ्यास म्हणून बघावं असं मला कळकळीने वाटतं. झेमनचा आणि पिंगुळीचा काही संबंध नाही, पण सपाट बाहुलीला कमी हलवून जास्त घाबरवता येतं हे दोघांनाही कळलेलं आहे.

आता मनात बरेच वर्ष खुपणारी एक गोष्ट सांगतो, अध्यक्षांनी घड्याळाकडे बघू नये.

एका संस्थेने, नाव नको, मुलांसाठी हा चित्रपट लावला होता. मला बोलवलं होतं आधी दोन शब्द बोलायला. मी खुशीत गेलो. तिथे गेल्यावर कळलं की कोणीतरी पालकांनी आदल्या दिवशी आक्षेप घेतलाय, आणि आयोजकांनी तोडगा काढलाय. तोडगा काय, तर पोरगा मरतो तो भाग आला की फॉरवर्ड. मास्तरशी सामना फॉरवर्ड. लॅपटॉपपाशी एक तरुण बसवलेला, बिचाऱ्याच्या हातात मिनिटं लिहिलेला कागद. मी म्हटलं अहो असं करू नका, हवं तर चित्रपटच लावू नका, दुसरा लावा. ते म्हणाले सर, पाच-सहा वर्षांची मुलं आहेत, रात्री झोपणार नाहीत. मी म्हटलं, याच मुलांना तुम्ही म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगता ना, त्यात वाघ म्हातारीला खाणारच म्हणतो आणि ती म्हणते थांब, लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग खा. म्हणजे म्हातारी स्वतःच्या मरणाची तारीख पुढे ढकलतेय, आणि पोरं टाळ्या वाजवतात! त्या गोष्टीतून वाघ काढून टाका, मग भोपळ्याचं करायचं काय? पण नाही, ऐकलं नाही. चित्रपट लागला. दर दहा मिनिटांनी पडद्यावर सगळं सुसाट पळायचं, मग पुन्हा हळू. मुलं हसायला लागली, कारण माणसं पळताना गमतीशीर दिसतात. शेवट आला, क्राबातला सोडवायला मुलगी आली, तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, तिने क्राबातला ओळखलं, चक्की पेटली, दिवे लागले. आणि पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उभी राहून मोठ्यांदा म्हणाली, "पण तिला कसं कळलं?"

कोणाकडेच उत्तर नव्हतं. असणार कसं, उत्तर त्या कापलेल्या मिनिटांत होतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं म्हणतायत. ठीक आहे, आता पळतोच.

तर आई आणि मुलगी. सॉर्ब लोककथेत क्राबातला सोडवायला त्याची आई येते. मास्तर सगळ्या पोरांचे कावळे करतो आणि म्हणतो, ओळख तुझा कुठला. मायलेकांचं आधीच ठरलेलं असतं, बाकीचे एका पंखाखाली चोच घालतात, हा दुसऱ्या पंखाखाली घालतो, आई बोट दाखवते, सुटला. छान, पण ही युक्ती झाली. ऑटफ्रीड प्रॉयसलर या जर्मन लेखकाने १९७१ला यावर कादंबरी लिहिली, झेमनचा चित्रपट तिच्यावर आहे. प्रॉयसलर तरुणपणी युद्धात सोव्हिएत कैदेत गेलेला, पाच वर्षं छावण्यांत काढलेला माणूस. या पुस्तकाशी तो कित्येक वर्षं झगडत होता, मध्ये सोडून दिलं आणि जीव रमवायला दरोडेखोराची एक विनोदी गोष्ट लिहिली, मग परत आला. त्याने दोन बदल केले. आईच्या जागी क्राबातचं प्रेम असलेली मुलगी आणली. आणि पंखाची युक्ती त्याने ठेवली, पोरं तीच ठरवतात, पण मास्तर ऐनवेळी कावळे करतच नाही! पोरं माणसांच्याच रूपात रांगेत उभी, आणि पट्टी मुलीच्या डोळ्यांवर. युक्ती गेली. आता ओळखायचं कशाने?

कादंबरीत ती नंतर सांगते, मला तुझी भीती जाणवली, माझ्यासाठी वाटलेली. बाकीचे सगळे स्वतःच्या जीवाला घाबरलेले, हा एकटा तिच्या जीवाला. चित्रपट बघताना हे डोक्यात ठेवा. अख्खा सिनेमाभर आपण ज्या भीतीत बसतो, पीठ, बर्फ, मेलेला मित्र, पुढच्या हिवाळ्यात कोण याचा हिशोब, ती सगळी या एका ओळखीसाठी साठवलेली असते. क्राबात वर्षानुवर्षं फक्त स्वतःसाठी घाबरलेला आपण बघितला नसेल, तर शेवटी तो दुसऱ्यासाठी घाबरतो यात काय विशेष ते कळणारच नाही. म्हणून मृत्यू कापला की शेवटही कापला जातो. आणि आईच्या ठिकाणी मुलगी का, तर आईला लेक आपोआप मिळालेला असतो, ही मुलगी त्याला निवडते, जीव धोक्यात घालून, तिला कोणी सांगितलेलं नसताना. लोककथेची आई वाईट नाही हो, मला ती फार आवडते, पण या भीतीचं उत्तर तिच्या युक्तीत मावत नाही.

झेमनच्या आधीच्या कामावर, झ्लीन या चेक गावातल्या त्याच्या स्टुडिओवर, १९५८च्या त्याच्या ज्युल व्हर्नच्या चित्रपटावर बोलायचं राहिलं, ते प्रश्नोत्तरांत विचारा. आता सव्वा तासाच्या आसपासचा सिनेमा आहे, सलग लावतोय, कुठेही पळवणार नाही. मुलं हात धरतील, धरू द्या.