नळीतलं दूध

नमस्कार मंडळी.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी रक्त काढणारा माणूस. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २६ वर्षांपासून माझी लॅब आहे. सकाळी सातला शटर वर करायचं, बाकड्यावर उपाशीपोटी बसलेल्यांची रक्तं काढायची, नळ्या मशिनीत फिरवायच्या, दुपारी रिपोर्ट द्यायचे. औषध सांगणं माझं काम नाही, आणि मी ते सांगणारही नाही. पण नळीत काय दिसतं ते मला माहीत आहे, आणि आज त्याचंच बोलायचं आहे.

रक्ताची नळी फिरवली की लाल पेशी खाली बसतात. वर जे पाणी राहतं त्याला आम्ही सीरम म्हणतो. चांगलं सीरम फिकट पिवळं असतं, आरपार. नळीमागं पेपर धरला तर अक्षरं वाचता येतात.

काही वर्षांपूर्वी एक कास्तकार आले. वय चव्वेचाळीस, अंगानं वाळके, फक्त शर्टाची मधली दोन बटणं ताणलेली. मोठ्या भावाला शुगर निघाली म्हणून हेही तपासायला आले होते. त्यांची नळी मशिनीतून काढली तर वरचं पाणी पांढरं. टपरीवर पाणी घालून वाढवलेलं दूध असतं ना, तसंच. ते समोरच बसले होते. म्हणाले, "भाऊ, माह्या रगतात दूध कुठून आलं? मी त दूध पेतच नाई."

मी हसलो. रिपोर्ट निघाला. उपाशीपोटीची शुगर ९६. ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली चरबी, ३४०, जे १५०च्या आत पाहिजे. नळीतलं दूध ते हेच. एचडीएल, म्हणजे ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ३१. पुरुषाचं ते ४०च्या वर आणि बाईचं ५०च्या वर असावं. पण ते शुगरसाठी आले होते, म्हणून मी शुगरचंच सांगितलं. "नॉर्मल आहे भाऊ, बेफिकीर राहा." ते समाधानानं गेले. चार वर्षांनी परत आले तेव्हा पायाची जखम दीड महिना भरत नव्हती, आणि उपाशीपोटीची शुगर १८२.

ते दूध मी पाहिलं होतं. त्यांनी विचारलंही होतं.

आता ते दूध येतं कुठून? बहुतेकांना वाटतं, तेलातून. तर्रीतून. अंशतः खरं आहे. पण आपल्या भागात त्याचा मोठा वाटा भात, पोळी, साखर आणि चहातून येतो. भात असो की पोळी, पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. अंगाला लागते तेवढी अंग वापरतं, थोडी लिव्हर साठवतं. त्याच्यावर आली की लिव्हरचं जिनिंग सुरू होतं. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगपुढं कशा रांगेनं लागतात? आत जागा नाही आणि माल येतोच आहे. मग दाबून गाठी करायच्या आणि बाहेर रवाना करायच्या. लिव्हर उरलेल्या साखरेच्या चरबीच्या गाठी बांधतं आणि रक्तात सोडतं. तेच ट्रायग्लिसराईड. दारू घेणाऱ्यांचं हे जिनिंग रात्रपाळीतही चालतं, मग ती मोहाची असो की दुकानातली. रक्तात या गाठींची गर्दी झाली की एचडीएल लवकर मोडीत निघतं. म्हणून एक वर गेलं की दुसरं बहुधा खाली असतं. हा जोड आपल्या देशात फार दिसतो.

बरं, एवढं सगळं चालू असताना शुगर ९६ कशी? कारण इन्सुलिन, म्हणजे साखर रक्तातून पेशींत पोचवणारा स्वादुपिंडाचा रस. अंग इन्सुलिनचं ऐकेनासं झालं की स्वादुपिंड दुप्पट इन्सुलिन ओततं आणि शुगर जागेवर ठेवतं. असं कित्येक वर्षं चालतं. भरल्या बंडीला जुंपलेला बैल चढावर बंडी ओढतोच. बंडी चालली आहे एवढंच पाहणाऱ्याला ओझं कळत नाही, बैलाच्या तोंडाला आलेला फेस पाहावा लागतो. शुगर म्हणजे बंडीची चाल. ट्रायग्लिसराईड आणि एचडीएल हा फेस. अर्थात, ट्रायग्लिसराईड वाढलं म्हणजे शुगर झालीच असं नाही. थायरॉईडमुळं वाढतं, काही औषधांनी वाढतं. पण ते वाढलेलं, एचडीएल पडलेलं आणि पोट सुटलेलं, असे तिन्ही एका माणसात दिसले तर शुगर नॉर्मल आहे म्हणून त्याला घरी पाठवू नये. मी पाठवला होता.

"पण मी तर वाळका आहे" हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकतो. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर युडकिन यांनी २००४ साली स्वतःचाच एक फोटो छापला. दोघं शेजारी उभे. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मोजली तर लंडनवाल्यांची ९.१ टक्के आणि पुणेकरांची २१.२. म्हणजे काटा दोघांना एकच सांगतो आणि आतला हिशेब दुपटीहून वेगळा. याज्ञिकांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जन्मलेली बाळंही मोजली. वजनाला कमी, स्नायू कमी, पण चरबी मात्र जपून ठेवलेली. आईच्या पोटात असतानाच हा कल पडतो. उन्हातान्हात निंदायला जाणाऱ्या, शेवटच्या महिन्यापर्यंत वावरात राबणाऱ्या आपल्या बाया आठवा, मग हे फार दूरचं वाटत नाही.

म्हणून वजनकाट्यावर जाऊ नका. घरात सुतळी आहे? आणायला सांगा पोराला, मी थांबतो. भिंतीला पाठ लावून उभे राहा. टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी मोजा आणि तोडा. आता ती बरोबर मधोमध दुमडा. ही दुमडलेली सुतळी कमरेभोवती गुंडाळा. पँटीचा पट्टा असतो तिथं नाही, बेंबीच्या रेषेत. श्वास सोडून. पोट आत ओढायचं नाही, इथं कोणी पाहत नाही. टोकाला टोक लागलं तर ठीक. मध्ये बोटभर जागा उरली तर पोटात चरबी बसली आहे. टेप असेल तर पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८०, त्याच्या पुढं गेली की तीच गोष्ट. माझी स्वतःची सुतळी चार बोटं कमी पडते. तेव्हा मी वरून बोलतो आहे असं समजू नका.

आता ताटाकडे वळू. माझ्या बापाच्या ताटात ज्वारीची भाकर होती, बरबटीची उसळ नाही तर घट्ट वरण, पावसाळ्यात तरोट्याची नाही तर अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. भात सणाला. आज गावात ज्वारी पेरणाराच सापडत नाही. रान सोयाबीन आणि कापसाला गेलं, रानडुकरांनी उरलीसुरली संपवली, आणि रेशनवर माणशी ५ किलो धान्य येतं ते गहू-तांदूळ. मी रेशनला नावं ठेवत नाही, त्यानं चुली पेटल्या. पण धान्य फुकट आणि डाळ महाग, म्हणून ताटात ढीग भाताचा आणि वरण असं पातळ की त्यात चेहरा दिसावा. तूर पिकवणारा तालुका आपला, आणि तूर बाजार समितीत विकून घरी पाण्यासारखं वरण खाणारेही आपणच.

ज्वारी खाल्ली की शुगर होत नाही असं कोणी सांगत असेल तर तेही खरं धरू नका. चार भाकरी म्हणजे चार भाकरीच. मी लोकांना एवढंच म्हणतो की एक भाकर कमी करा आणि त्या जागी एक वाटी घट्ट वरण, उसळ किंवा झुणका घ्या. तेलात बुडालेला नको, साधा. पातोडी करता, तर पातोड्या जास्त आणि तर्री कमी. जवसाची चटणी परत सुरू करा. जवसात चांगल्या जातीची चरबी आणि चोथा दोन्ही आहेत, आणि आपल्या आज्यांना ते कोणी शिकवायची गरज पडली नव्हती. तेल बंद करायचं नाही, मोजायचं. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन-साडेतीन लिटर पुरतं. सणाच्या कढईतलं तीनदा तापवलेलं काळं तेल भाजीत ढकलणं मात्र सोडा.

आणि चहा. सकाळी घरी, मग वावरात, मग पानठेल्यावर, मग ज्याच्या घरी जाल तिथं. सहा कप, कपाला दोन चमचे धरले तर ५०-६० ग्रॅम साखर होते. हे बोललो की बाया म्हणतात, "पाव्हन्याले बिनसाखरेचा च्या कसा द्याव?" याचं उत्तर माझ्याकडं नाही. माझी बायको आता विचारून अर्धा चमचा घालते, आणि दोन नातेवाईक अजून नाराज आहेत.

कामही बदललं. निंदणाची जागा तणनाशकानं घेतली, नांगराची ट्रॅक्टरनं, पायदळ जाण्याची मोटरसायकलनं. पिकाला ते सोयीचं असेल, पण खाणं जुन्याच कामाचं राहिलं. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाललं तरी स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्याला पैसा लागत नाही.

याचा उपयोग होतो का? चेन्नईत ५३१ लोकांवर तपासून पाहिलं, २००६ साली छापून आलं. सगळे शुगरच्या उंबरठ्यावरचे. ज्यांना खास काही सांगितलं नाही त्यांच्यातल्या १०० पैकी ५५ जणांना तीन वर्षांत शुगर झाली. खाणं आणि चालणं बदललेल्यांत ३९ जणांना. म्हणजे ३९ जणांना तरीही झालीच, हे मी लपवणार नाही. पण १६ जण वाचले. देशात उंबरठ्यावर उभे असलेले १३.६ कोटी आहेत, असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली छापलेल्या पाहणीत निघालं. प्रत्यक्ष शुगर असलेले १०.१ कोटी. रांगेत उभे जास्त आहेत.

तपासणीचं थोडक्यात. वय तिशीच्या पुढं असेल तर आशाताई फॉर्म भरायला येते, तिला "आमाले काई नाई झालं" म्हणून परत पाठवू नका. उपकेंद्रात बोटातल्या थेंबावर शुगर पाहतात. उपाशीपोटी १०० ते १२५ आली तर उंबरठा, १२६ किंवा वर आली तर डॉक्टर ती परत तपासून खात्री करतात. आपल्याकडं पुष्कळांची उपाशीपोटीची चांगली आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची बिघडलेली असते. ती १४०च्या पुढं गेली की सावध. घरात आईला किंवा वडिलांना शुगर असेल, गरोदरपणात वाढली असेल, तर ही दुसरी तपासणी मागून घ्या. आणि सोबत एकदा लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी.

तीन महिन्यांच्या सरासरीची एक तपासणी असते, एचबीए१सी. ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून शुगर. पण आपल्या विदर्भात तिच्यात एक खोच आहे. सिकलसेल हा घराण्यात चालत येणारा रक्ताचा आजार असलेल्यांच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळं हा आकडा खोटाच कमी येतो. अंगात लोह कमी असलेल्या बायांत तो उलटा, खोटा जास्त येऊ शकतो. घरात सिकलसेल असेल, तुम्ही नुसते वाहक असाल तरी, सुई टोचणाऱ्याला आधी सांगा. त्यानं विचारलं नाही तरी सांगा.

लिपिडसाठी येणार असाल तर रात्री आठला जेवून घ्या, सकाळी आठपर्यंत फक्त पाणी. तंबाखूची गोळीही नको. चहा तर नकोच, अर्धा कपही नको. "भाऊ, फक्त लाल च्या पेलो" म्हणणाऱ्याच्या चहात साखर होती की नाही हे मला नळी सांगत नाही, पण आकडा बिघडतो. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कृपा करून येऊ नका. बैलाला पुरणपोळी दिली आणि स्वतः पाच खाल्ल्या, अशा गावाच्या नळ्या त्या सकाळी रांगेनं पांढऱ्या निघतात. चार-पाच दिवस रोजचं जेवा, मग या. शटर सातला उघडतं.