खोलीचं भाडं लिहिणारा माणूस

मंडळी, ‘स्वस्त प्रवासाचं मार्गदर्शक पुस्तक कसं लिहावं’ हा आजचा विषय. त्याकडे येतोच. पण आधी अशी पुस्तकं लिहिणाऱ्या अमेरिकन आर्थर फ्रॉमर यांच्याबद्दल बोलायला हवं. 2024च्या नोव्हेंबरात, 95 वर्षांचे होऊन ते गेले, आणि आपल्याकडे त्यांची म्हणावी तशी आठवण कुणी काढली नाही.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून कायदा शिकलेला हा तरुण सक्तीच्या लष्करभरतीत गेला. रशियन येत होतं, म्हणून कोरियातल्या युद्धाऐवजी जर्मनीत नेमणूक झाली. सुट्टी मिळाली की लष्करी विमानात जागा मिळवायची आणि युरोपात भटकायचं. नोकरी संपता संपता त्यांनी सोबतच्या सैनिकांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं. अर्ध्या डॉलरला एक, अशा 5,000 प्रती हातोहात खपल्या. पुढे न्यूयॉर्कला वकिली करताना महिनाभराची रजा काढली आणि 30 दिवसांत 15 शहरं पालथी घातली. पहाटे चारला उठायचं आणि गल्लीबोळांतून स्वस्त पण बरी हॉटेलं, खाणावळी शोधायच्या. 1957 साली ‘युरोप ऑन 5 डॉलर्स अ डे’ त्यांनी स्वतःच छापलं. युरोप म्हणजे बोटीनं जाणाऱ्या श्रीमंतांचा, हा समज तोवर पक्का होता. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क-पॅरिस जेट विमान सुरू झालं. त्यात बसणाऱ्या शिक्षकांच्या, विद्यार्थ्यांच्या हाती हे पुस्तक होतं.

आता जरा घरचं. कोकण किनाऱ्यावर कुठे राहावं, कुठे जेवावं याची पुस्तिका मी केली होती. माडीवरच्या खोलीचं भाडं कमी, कारण मोरी खाली अंगणात; गरम पाणी सकाळी सात ते नऊ, चुलीवरचं, बादलीनं; सुरमईचं ताट हवं तर आदल्या संध्याकाळी सांगायचं; शेवटची एसटी चुकली तर स्टँडवर रिक्षा नसते, घरमालकांना फोन करायचा. सगळं आकड्यांसह लिहिलं होतं. प्रकाशक म्हणाले, “दर काढा हो, पुस्तक सहा महिन्यांत शिळं होतं. त्यापेक्षा सूर्यास्तावर एक परिच्छेद द्या.” मी नाही म्हटलं. पुस्तिका हातात आली तेव्हा सगळे दर गाळलेले, आणि प्रत्येक ठिकाणापुढे छापलं होतं, ‘माफक दरात उत्तम सोय’. एवढ्यावर घरच्या चौघांचा हिशोब कसा मांडायचा? सूर्यास्त माणूस आपला आपण बघतो हो! त्याला तिथवर जायला किती लागतील, ते सांगा ना. मला याचा आजही राग येतो. आपल्याकडे प्रवासवर्णनं उदंड आहेत. लेखक व्हेनिसमध्ये तीन पानं हळवा होतो, पण रात्री झोपला कुठे आणि पैसे किती दिले, ते सांगत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा मूळ विषय भराभर सांगतो.

दर शिळा होतो, म्हणूनच लिहायचा, आणि त्यापुढे महिना नि वर्ष घालायचं. फ्रॉमर यांच्या पुस्तकाच्या नावातच दर होता. महागाई वाढली तसे 5चे 10 झाले, पुढे 50 झाले. त्यांनी नाव बदललं, आकडा झाकला नाही.

दुसरं, मालकाचं फुकट जेवण घ्यायचं नाही. बिल भरलेलं असलं की गादी टोचते, हे मोकळेपणानं लिहिता येतं.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्नानगृह नसलेली खोली घ्या, असं फ्रॉमर सांगत. त्यात चिक्कूपणा नव्हता. कमी खर्च केलात तर त्या गावच्या माणसांत राहाल आणि प्रवास जास्त रंगेल, असं ते आयुष्यभर म्हणत आले. आपल्या कोकणातल्या त्या माडीवर नेमकं हेच घडतं. बादली घ्यायला खाली उतरलात की घरच्या आजींशी गप्पा सुरू होतात.

2012 साली गूगलनं फ्रॉमर यांचा मार्गदर्शक पुस्तकांचा ब्रँड विकत घेतला. 2013 साली फ्रॉमर यांनी तो परत मिळवला आणि छापील पुस्तकं पुन्हा काढली. तेव्हा ते 83 वर्षांचे होते.

प्रश्न असतील तर घेतो.