पत्रिका छापण्याआधी बसा

मंडळी, सर्वधर्मीय कार्यक्रम बहुतेक वेळा एकाच जागी फसतो. एक मंडळ सगळं ठरवतं, पत्रिका छापतं आणि मग दुसऱ्यांना निरोप धाडतं, "तुम्हीपण या." ते येतात, हार-नारळ घेतात, निघून जातात. पाहुणा चूक दाखवत नाही. ती घरचा माणूस दाखवतो. म्हणून पहिली बैठक तारीख ठरण्याआधी, निदान सहा आठवडे अगोदर घ्या. एकदा तुमच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. खर्चही दोघांचा असू द्या, कमी-जास्त चालेल. पैसा घातलेला माणूस हक्कानं बोलतो.

जळगावचा श्रीराम रथ १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघतो आणि भिलपुऱ्यात मुस्लिम संत लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो. तिथं चादर चढते. जुन्या धुळ्यात १८९५ साली मशिदीसमोर गणपतीच्या पालखीच्या मिरवणुकीवरून रक्त सांडलं, आणि आज त्याच मशिदीसमोर त्या पालखीवर फुलं पडतात. कुठं थांबायचं, हे दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक असतं. आपल्या कार्यक्रमातही असंच ठरलेलं हवं.

तारखेचं बघा. मागच्या वर्षीची तारीख तशीच उचलू नका, हिजरी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. शुक्रवारची दुपार आणि रविवारची सकाळ सोडा. कापूस वेचणीत गाव शेतात असतं. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजासाठी वीस मिनिटांची सुट्टी पत्रिकेतच लिहा. वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायला पाणी आणि स्वच्छ चटया तयार ठेवा.

जेवणात खरी कसोटी लागते. वांग्याचं भरीत आपल्या खानदेशाचा मान, पण त्यात लसूण आणि कांद्याची पात. जैन आणि स्वामिनारायण पंथाची माणसं हात लावणार नाहीत. त्यापेक्षा वरण-बट्टी करा. दीडशे माणसांना बट्टीचं जाडसर पीठ बावीस-पंचवीस किलो आणि तूरडाळ नऊ-दहा किलो पुरते. फोडणी हिंग-जिऱ्याची द्या, लसणाची चटणी वेगळ्या भांड्यात वेगळ्या चमच्यानं ठेवा. बट्टी तळायची असेल तर तेल नवं घ्या. आधी त्यात काय तळलं होतं यावरून ताटावरून उठलेली माणसं परत बसत नाहीत. जैन मंडळींची पंगत सूर्यास्ताआधी उरकायला हवी, म्हणजे पाचला पहिलं ताट. रोजे असतील तर पंगतीचं सगळं गणितच बदलतं, त्या महिन्यात कार्यक्रम इफ्तारभोवती आखा.

वक्त्यांना एकच अट सांगा: आपल्या धर्माबद्दल बोला, दुसऱ्याच्या नको, तुलना तर अजिबात नको. प्रत्येकी दहा मिनिटं. सूत्रसंचालन गिरणाकाठी अहिराणीत, रावेर-यावलकडे लेवा गणबोलीत ठेवा. आयाबाया मागच्या रांगेतूनही बोलू लागतात. निवडणुकीतला उमेदवार व्यासपीठावर घेऊ नका, मग तो कुठल्याही पक्षाचा असो.

पोलीस ठाण्याची आणि नगरपालिकेची परवानगी दोन्ही मंडळांच्या सहीनं काढा. रात्री दहानंतर भोंगा बंद. अफवा उठली तर कोणी कोणाला फोन करायचा, ती दोन नावं आधीच ठरवा, आणि त्या दोघांशिवाय कोणीही गटावर खुलासा टाकू नये.

बॅनरवर देवाचं चित्र, कुराणातली आयत किंवा क्रूस छापू नका. कार्यक्रम संपल्यावर तोच कपडा वाऱ्यानं सुटतो, पायाखाली येतो, सकाळी कोणीतरी फोटो काढतं आणि दोन महिन्यांची मेहनत त्या एका फोटोत जाते. गावाचं नाव, तारीख, वेळ एवढंच लिहा. बॅनर त्याच रात्री उतरवून घडी घालायला दोन्ही मंडळांतला एकेक तरुण नेमा.