खळ, कात्री आणि पेट्रोल

नमस्कार श्रोतेहो.

हक्कांच्या लढ्याचा विषय निघाला की डोळ्यांपुढे मोर्चे येतात, घोषणा येतात, लाठ्या येतात. मला आज बोलायचंय ते त्यामागच्या कंटाळवाण्या, हात दुखवणाऱ्या कामाबद्दल.

न्यूझीलंडच्या बायकांनी मताधिकारासाठी 1891 साली सुमारे 9,000 सह्या पाठवल्या. नकार. पुढच्या वर्षी 20,000 च्या आसपास. पुन्हा नकार. 1893 मध्ये सह्या जवळजवळ 32,000 वर गेल्या. या लढ्याच्या पुढारी केट शेपर्ड यांनी मुख्य अर्जाचे 500 हून जास्त कागद खळीने एकाला एक जोडले आणि ती लांबलचक पट्टी झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळली. जॉन हॉल या सदस्यांनी ती गुंडाळी संसदेच्या सभागृहात सोडून दिली. ती उलगडत गेली आणि पलीकडच्या भिंतीवर धप्पकन आदळली. 19 सप्टेंबरला कायदा झाला. निवडणुकीला उभं राहण्याचा हक्क मात्र 1919 साली! म्हणजे 26 वर्षं मत द्यायचं, मागायचं नाही.

आता अमेरिकेतलं माँटगोमेरी. 1 डिसेंबर 1955 ला कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही. ‘बिचारी दमलेली शिवणकाम करणारी बाई’ ही गोष्ट मला कधीच पटली नाही. त्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक चिटणीस होत्या, आणि शरीराने दमले नव्हते, सतत नमतं घेऊन दमले होते, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्याच शहरात नऊ महिने आधी पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनलाही याच कारणासाठी अटक झाली होती. तिचं नाव किती जणांनी ऐकलंय?

पार्क्सना अटक झाली त्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिका कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रापाशी उभ्या होत्या. सोबतीला एक सहकारी आणि दोन विद्यार्थी. बसवर बहिष्कार टाका, असं सांगणारी पत्रकं: एका कागदावर तीन, मग कापून वेगळी करायची. उजाडेपर्यंत हजारो पत्रकं तयार झाली. सोमवारपासून बस रिकाम्या धावू लागल्या, त्या 381 दिवस. माणसं चालत कामाला गेली. शेकडो खासगी गाड्यांनी ने-आण केली. त्या गाड्यांचा विमा वारंवार रद्द झाला, तेव्हा थेट लंडनहून विमा मिळवला.

आणि या गाड्यांच्या पेट्रोलला पैसे? जॉर्जिया गिलमोर नावाची स्वयंपाकीण होती. बहिष्काराच्या बाजूने साक्ष दिली म्हणून नोकरी गेली. तिने बायका गोळा केल्या, केक-पाय करून विकायला लावले. गिऱ्हाइकांत गोरेही असत. नावं फुटली तर या बायकांचीही कामं जायची, म्हणून मंडळाचं नावच ठेवलं ‘कुठूनच नाही’. बहिष्काराच्या सभेत ती पैसे आणून द्यायची. कुठून आले, कोणी विचारलं तर उत्तर तयारच होतं: कुठूनच नाही.