सिंक म्हणजे सांगकाम्या: क्लाउड स्टोरेज सुरू करण्याआधी हे बघा

[टेबलावर जुना लॅपटॉप, नवा लॅपटॉप आणि फोन. बोलणारी व्यक्ती कॅमेऱ्यासमोर.]

हा जुना लॅपटॉप मी गेल्या वर्षीच देऊन टाकणार होते. आपलं यंत्र दुसऱ्याच्या हाती जाणार म्हटल्यावर माणूस आधी आपल्या फाइली पुसतो. मीही पुसल्या. कागदपत्रं, जुने फोटो, अर्धवट लिहिलेलं सगळं निवडलं, डिलीट केलं आणि मोकळी झाले.

संध्याकाळी काहीतरी शोधायला फोन उघडला, तर तिथे कागदपत्रांचा फोल्डरच नाही. नव्या लॅपटॉपवर बघितलं, तिथेही नाही. पोटात गोळा आला. तिन्ही यंत्रांवर एकच क्लाउड सेवा जोडलेली होती. अर्धा तास मी त्या सेवेला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं, तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. मी "पुसा" म्हटलं, तिनं सगळीकडचं पुसलं.

सांगकाम्या माहितीय ना? सांगितलं तेवढंच करणारा, का ते न विचारणारा. सिंक, म्हणजे एका यंत्रावरचा बदल बाकीच्या यंत्रांवरही आपोआप करणारी सोय, हा अगदी तसाच गडी. एकदा हे कळलं की क्लाउडमधल्या बहुतेक भानगडींचा उलगडा आपोआप होतो. म्हणून आज आधी या गड्याची ओळख, मग बटणं.

[स्क्रीनवर: तीन डिव्हाइस, मध्ये एक सर्व्हर]

क्लाउड म्हणजे आकाशात काही नाही. कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या डिस्क. तुमच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम बसतो आणि एका फोल्डरवर नजर ठेवतो. त्यात काही बदललं की बदल वर पाठवतो. तुमचं दुसरं डिव्हाइस तोच बदल खाली घेतं. झालं, एवढंच. नवीन फाइल हा बदल, नाव बदलणं हा बदल, आणि पुसणं हासुद्धा बदलच.

ड्रॉपबॉक्सची गोष्ट यात मजेशीर आहे. ड्रू ह्यूस्टन बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसनं निघाला आणि काम असलेला पेन ड्राइव्ह घरीच विसरला. त्या चिडचिडीतून त्यानं बसमध्येच कोड लिहायला घेतला, असं तो स्वतः सांगतो. २००७ साली कंपनी उभी राहिली. म्हणजे मूळ प्रश्न जागेचा नव्हताच. "फाइल तिथे आहे आणि मी इथे" हा होता. तुम्हालाही फक्त जास्त जागा हवी असेल, तर एक एक्स्टर्नल डिस्क घ्या आणि व्हिडिओ इथेच बंद करा, मला राग येणार नाही.

आता सेवा कुठली घ्यायची? यावर लोक आठवडे घालवतात. मी दोन मिनिटं घालवते. फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही ॲपलचे असतील तर आयक्लाउड. विंडोज आणि वर्ड-एक्सेलमध्ये दिवस जात असेल तर वनड्राइव्ह. अँड्रॉइड फोन आणि बाकी सगळी खिचडी असेल तर गूगल ड्राइव्ह. लिनक्सवाले असाल तर ड्रॉपबॉक्स बघा, कारण गूगल ड्राइव्हचा लिनक्ससाठी अधिकृत प्रोग्रॅम नाही.

फुकट जागा साधारण अशी: गूगल १५ जीबी, आयक्लाउड आणि वनड्राइव्ह प्रत्येकी ५, ड्रॉपबॉक्स २. गूगलचे १५ ऐकून हुरळून जाऊ नका. त्यातच जीमेल आणि गूगल फोटोजही मोजले जातात. फोटोंना मोफत अमर्याद जागा होती, ती सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आणि ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यावर एका वेळी तीनच डिव्हाइस जोडता येतात. आपला आजचा विषयच अनेक डिव्हाइसचा, तेव्हा हे आधीच माहीत असलेलं बरं.

मग एक हुशार विचार येतो: चारही घेऊ, २७ जीबी फुकट! मी हे केलंय. दोन महिन्यांनी अशी वेळ येते की फाइल आहे हे नक्की, पण चारपैकी कुठल्या घरात आहे ते आठवत नाही. एकच निवडा.

[नव्या लॅपटॉपची स्क्रीन]

इन्स्टॉल केलंत, लॉगिन केलंत. आता घाई नको. बहुतेक प्रोग्रॅम पहिल्याच मिनिटाला विचारतात, "तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, सगळं सांभाळू का?" वनड्राइव्ह तर हे फार आग्रहानं विचारतं. आज "नाही" म्हणा. नंतर हवं तर "हो" म्हणता येतं. पण पहिल्याच दिवशी "हो" म्हटलंत तर ५ जीबी बघता बघता भरतात, आणि आपलं डेस्कटॉप नेमकं कुठे राहतंय हेच कळेनासं होतं.

त्याऐवजी एक फोल्डर करा. नाव द्या "चालू काम". त्यात रोज लागणाऱ्या दहा-पंधरा फाइली टाका, बस. एक बारीक सूचना: फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, कोलन, तिरकी रेघ वापरू नका. मॅकवर किंवा फोनवर चालून गेलेलं नाव विंडोजवर अडकतं आणि ती एकच फाइल सिंक न होता हटून बसते.

आता फाइलशेजारच्या छोट्या खुणांकडे बघा. इथे जरा रेंगाळूया, कारण बहुतेकांची दांडी इथेच उडते.

वनड्राइव्हमध्ये फाइलपुढे निळसर ढग दिसला, तर ती फाइल तुमच्याकडे नाही. फक्त नाव आहे. उघडायला गेलात की ती तेव्हा खाली येते. हिरवी बरोबरची खूण म्हणजे फाइल यंत्रात उतरली आहे. भरीव हिरव्या गोलातली पांढरी खूण म्हणजे ती कायम इथेच ठेव, असं तुम्ही सांगितलंय. गूगल ड्राइव्ह हेच दोन शब्दांत विचारतं: स्ट्रीम की मिरर? स्ट्रीम म्हणजे नावं इथे, फाइली वर. मिरर म्हणजे सगळं इथेही आणि वरही.

जागा वाचवायला स्ट्रीम उत्तम. पण प्रवासात नेट नसताना लॅपटॉप उघडला, फाइल समोर दिसतेय, क्लिक केलं, आणि उघडत नाही. ताट समोर, जेवण नाही! म्हणून निघायच्या आदल्या रात्री लागणारा फोल्डर निवडून तो "ऑफलाइन उपलब्ध" करून ठेवायचा.

फोनचं तर वेगळंच. फोनवरचं ॲप लॅपटॉपसारखा अख्खा फोल्डर उतरवून घेत नाही. ते यादी दाखवतं आणि तुम्ही टॅप केलेली फाइल तेवढी आणतं. त्यामुळे ५०० जीबीचा साठा ६४ जीबीच्या फोनवर बघता येतो. पण तिकीट, ओळखपत्राची प्रत, असं काही नेटशिवाय लागणार असेल, तर फोनवरही त्या फाइलीला ऑफलाइनची खूण करावीच लागते. आणि हो, सेटिंगमध्ये जाऊन अपलोड फक्त वायफायवर ठेवा. नाहीतर एका लग्नाचे व्हिडिओ महिन्याचा डेटा खाऊन टाकतील.

अपलोडवरून आठवलं. "अजून होतंच नाहीये" ही तक्रार फार येते. गणित करूया. तुमचा अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल, तर ते बिट असतात, बाइट नव्हे. आठ बिटांची एक बाइट. म्हणजे १० जीबी चढवायला सुमारे ८००० सेकंद, सव्वादोन तास, तेही काही अडखळलं नाही तर. आणि पुष्कळ जोडण्यांमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा कमीच असतो. तेव्हा पहिला मोठा साठा रात्री लावा, लॅपटॉप चार्जिंगवर ठेवा आणि झाकण मिटू नका. झाकण मिटलं की गडीही झोपला.

झाकणाचा दुसरा किस्सा आणखी महत्त्वाचा. तुम्ही अहवाल लिहिला, सेव्ह केला आणि लगेच झाकण मिटून निघालात. बदल वर गेलेलाच नाही. पोचल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच अहवाल उघडला, जुना दिसला, तुम्ही त्यातच पुढे लिहिलं. आता एकाच फाइलची दोन खरी रूपं झाली. सांगकाम्याला कुठलं ठेवायचं हे ठरवता येत नाही, म्हणून तो दोन्ही ठेवतो आणि एकाच्या नावाला शेपूट लावतो. ड्रॉपबॉक्स त्याला "कॉन्फ्लिक्टेड कॉपी" म्हणतं. अशी फाइल दिसली तर वैतागून पुसू नका. दोन्ही शेजारी उघडा, हवं ते एकत्र करा, मगच एक काढा. सवय एकच लावायची: फाइल बंद, हिरवी खूण दिसेपर्यंत दम, मग झाकण.

गूगल डॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये लिहायच्या गोष्टींना हा त्रास जवळजवळ नाही, कारण तिथे सगळे एकाच प्रतीवर लिहितात.

[फोन हातात घेते]

फोटोंकडे वळू. रडारड सगळ्यात जास्त इथे होते. फोन भरला म्हणून लोक गॅलरीतून फोटो पुसतात, "वर आहेतच की" म्हणून. आयक्लाउड फोटोज चालू असेल आणि फोनवर पुसलंत, तर सगळीकडून जातं. जागा हवी असेल तर सेटिंगमध्ये "ऑप्टिमाइझ स्टोरेज" आहे. मोठ्या मूळ प्रती वर राहतात, फोनवर छोट्या. गूगल फोटोजमध्ये "फ्री अप स्पेस" नावाचं बटण आहे. ते आधीच वर गेलेले फोटो फक्त फोनवरून काढतं. पण त्याच ॲपमध्ये फोटो निवडून कचरापेटी दाबलीत, तर तो वरूनही गेला. दोन्ही बटणं एकाच ॲपमध्ये, परिणाम एकदम उलटे!

माझा फोल्डर मात्र परत मिळाला. पुसलेलं लगेच नष्ट होत नाही. या चारही सेवांच्या वैयक्तिक किंवा मोफत खात्यांमध्ये साधारण ३० दिवस ते कचरापेटीत पडून असतं. मी त्याच संध्याकाळी बघितलं म्हणून वाचले. चाळिसाव्या दिवशी लक्षात आलं असतं तर?

म्हणून सिंकला बॅकअप म्हणू नका. खराब झालेली फाइलही तो इमानदारीत सगळीकडे पोचवतो. ज्या गोष्टी गेल्या तर पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची एक प्रत एक्स्टर्नल डिस्कवर घ्या. ती डिस्क एरवी काढून ठेवायची. जोडलेलीच राहिली तर काय उपयोग?

कुलपाचं थोडक्यात. आता एका पासवर्डमागे तुमचं सगळं आहे, तेव्हा टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, चालू कराच. त्यावेळी मिळणारे बॅकअप कोड, म्हणजे ती दुसरी पायरी अडली तर आत शिरायचे कोड, कागदावर उतरवून ठेवा. ते कोड त्याच क्लाउडमध्ये ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. पेटीला कुलूप आणि किल्ली पेटीत. कुणाला फाइल पाठवताना "लिंक असलेला कोणीही" असं निवडलंत, तर ती लिंक पुढे कुठेही जाऊ शकते. शक्यतो व्यक्तीचा ईमेल टाकून शेअर करा. आणि गूगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलंच नाही, तर कंपनी ते मजकुरासकट काढून टाकू शकते. फक्त साठवणीसाठी उघडलेल्या जादा खात्यांचं हेच होतं.

[जुना लॅपटॉप पुढे ओढते]

आता हे बाकी आहे. या वेळी नीट. आधी सिंकच्या प्रोग्रॅममध्ये जायचं, सेटिंग, अकाउंट, आणि हे यंत्र खात्यापासून तोडायचं. कुठे त्याला अनलिंक म्हणतात, कुठे डिस्कनेक्ट. केलं. गड्याची या घरातली नोकरी संपली. मग खात्याच्या वेबसाइटवर जाऊन डिव्हाइसच्या यादीतूनही याचं नाव काढलं.

आता हा फोल्डर निवडते... डिलीट... कचरापेटी रिकामी.

[फोन कॅमेऱ्याकडे वळवते]

आणि हा फोन. कागदपत्रं. दिसतायत? सगळी जागेवर.